खाण्याच्या विकारांशी झगडणाऱ्या मुलांवर पहिली कुमार-कादंबरी लिहिताना

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या नवोदितांच्या हस्तलिखितांत अलीकडे एक पात्र वारंवार भेटते: जेवणाची वेळ झाली की अस्वस्थ होणारी, आरसा टाळणारी किंवा आरशापुढून न हलणारी, दहावी-बारावीतली मुलगी. हा विषय मराठी कुमारवयीन वाचकांपर्यंत पोहोचायलाच हवा असे मला मनापासून वाटते, म्हणूनच तो हाती घेणाऱ्याने काय तयारी करावी हे क्रमाने सांगतो आहे. पहिल्या पानाआधी एक गोष्ट ठाऊक असावी. तुमच्या वाचकांत या विकाराने ग्रासलेले एखादे मूल असणारच आणि ते मूल पुस्तक इतरांसारखे वाचत नाही. इतर वाचक नायिकेची काळजी करतात. ते मूल तिच्याशी स्वतःची तुलना करते, तिचे वजन किती उतरले आणि तिने ते घरच्यांपासून कसे लपवले हे शोधत पाने उलटते. पुढची प्रत्येक पायरी या एका वाचकाला समोर ठेवून सुचवली आहे.

पहिली पायरी: कथानकाआधी आजार शिकून घ्यावा

कथानक सुचले असले तरी ते काही काळ बाजूला ठेवून वाचनाला बसावे. ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकारात मूल इतके कमी खाते की वयाला आणि उंचीला आवश्यक असलेले वजनही राहत नाही, वजन वाढण्याची भीती मनात घर करून बसते आणि स्वतःचे शरीर जसे आहे तसे त्याला दिसेनासे होते. बुलिमिया नर्व्होसामध्ये ताबा सुटून भरमसाट खाणे आणि मग त्याची भरपाई करण्याची धडपड, असे चक्र चालते. वजन बहुधा चारचौघांसारखेच असते, त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षे सुगावा लागत नाही. भरपाईची धडपड नसलेला, पण अतिखाणे आणि त्यामागची लाज असलेला तिसरा विकार म्हणजे बिंज इटिंग डिसऑर्डर. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा मिळाला. ॲनोरेक्सियाच्या निदानासाठी असलेली पाळी बंद होण्याची अटही त्याच आवृत्तीत वगळण्यात आली. मुलग्यांना ही अट लागूच होत नव्हती. तुमच्या कादंबरीतले मूल यांपैकी कोणत्या विकाराने आजारी आहे, हे तुमच्या मनात स्वच्छ असले पाहिजे, कारण प्रत्येकाचे दिसणे, लपणे आणि उपचार वेगवेगळे आहेत.

नवोदित लेखक बहुधा सगळा दोष मोबाइलवर टाकून मोकळे होतात. ॲनोरेक्सियाचे वर्णन लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोन वैद्यांनी १८७३ मध्येच स्वतंत्रपणे केले होते, तेव्हा मोबाइलचा किंवा टीव्हीचा पडदा नावाची वस्तूच नव्हती. पडद्याचा परिणाम होत नाही असेही नाही. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली; त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये ॲन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा खाण्याबद्दलच्या विकृत धारणा वाढलेल्या आढळल्या. आनुवंशिकता, काळजीखोर किंवा परिपूर्णतेचा ध्यास असलेला स्वभाव, वाढत्या वयातले शरीराचे बदल, कोणाचा तरी शेरा, एखादे डाएट, अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या की विकार रुजतो. एकच खलनायक ठरवला की कादंबरी सोपी होते आणि खोटीही.

या टप्प्यावर एक प्रयोग मुद्दाम समजून घ्यावा, कारण पात्र उभे करताना त्याचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाही होत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हे तरुण शस्त्र धरायला नकार दिलेले स्वयंसेवक होते; युद्धानंतर उपासमारीतून आलेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे त्यातून शिकायचे होते. यांपैकी कोणालाही बारीक व्हायचे नव्हते. तरीही काही आठवड्यांतच त्यांचे बोलणे, विचार आणि स्वप्ने अन्नाभोवती फिरू लागली. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातला घास तासन्‌तास पुरवून खाऊ लागले, चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले, त्यांना सतत थंडी वाजू लागली. म्हणजे तुमच्या नायिकेचा तुसडेपणा, जिवाभावाच्या मैत्रिणीशी अचानक तुटलेले बोलणे, दिवसभर पाककृतींचे व्हिडिओ पाहणे, यातले बरेच काही तिच्या स्वभावातून आलेले नसून उपाशी मेंदूतून आलेले असते. हे एकदा लेखकाच्या मनात उतरले की तो नायिकेला हट्टी, लाडावलेली किंवा नखरेल म्हणून रंगवूच शकत नाही.

शरीराच्या खुणाही आजाराच्या अशाच वाचनातून मिळतात: मंदावलेले ठोके, गळणारे केस, चक्कर, अंगावर उगवणारी बारीक लव, न आटोपणारी थंडी. आपल्या नागपुरात या शेवटच्या खुणेइतकी बोलकी दुसरी खूण नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना सगळे घर कूलरपुढे पथाऱ्या टाकून झोपले आहे आणि एक मुलगी तिथून उठून आतल्या बंद खोलीत चादर गुंडाळून बसली आहे, एवढे दाखवले की वजनाचा आकडा लिहिण्याची गरज उरत नाही.

दुसरी पायरी: नागपूरच्या घरात हा आजार कसा वावरतो ते पाहावे

परक्या मुलखातली नायिका उचलून तिला धरमपेठेत आणून ठेवली की कादंबरी नागपूरची होत नाही. हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकात असे रुग्ण नोंदवले, जे अत्यंत कृश होऊनही 'मी जाड आहे' असे म्हणत नव्हते. पोट फुगते, भूकच लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. भारतातील डॉक्टरांनीही असे रुग्ण पाहिले आहेत. नागपुरातल्या घराला हे वर्णन नेमके लागू पडते. मुलगी म्हणते, घास उतरत नाही. आजी म्हणते, नजर लागली. काकू पित्तावरचे चूर्ण देते. वडील रामदासपेठेतल्या किंवा धंतोलीतल्या पोटाच्या डॉक्टरांकडे नेतात. सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो, सगळ्यांना हायसे वाटते आणि आणखी दोन महिने निघून जातात. या दोन महिन्यांत कोणीही वाईट वागलेले नाही. जो तो आपल्या परीने माया करत असताना आजार पुढे सरकतो, हीच आपल्याकडच्या कादंबरीची खरी गोष्ट आहे, आणि तिच्यावर जितकी पाने खर्च होतील तितकी थोडी.

दुसरी गोष्ट कौतुकाची. वजन उतरू लागते तेव्हा पहिला प्रतिसाद काळजीचा नसतो. लग्नाच्या मांडवात मावशी म्हणते, 'काय छान दिसून राहिली वो, काय करून राहिली सांग ना मलेही'. ही वाक्ये आजारी मुलाच्या मनात कोरली जातात. तेच मूल पुढे खंगले की तीच मावशी 'किती सुकून गेली पोरगी' म्हणते, आणि आजाराच्या लेखी तेही कौतुकच ठरते. उपवासाचेही तसेच. श्रावणी सोमवार, चतुर्थी, हरतालिका, नवरात्र यांत मुलीने निष्ठेने उपवास धरला की घरातली मोठी माणसे सुखावतात आणि धर्माचे नाव आले की प्रश्न विचारणे थांबते. येथे लेखकाने श्रद्धेची टवाळी करू नये. नवरात्रातले नऊ दिवस संपले तरी मुलीचा उपवास संपत नाही, हे घरातल्या कोणाच्या लक्षात येते आणि ते कधी, एवढेच दाखवावे.

नायक मुलगाही असू शकतो, आणि अशा कादंबऱ्यांची निकड मला अधिक वाटते. कुस्तीच्या वजनगटासाठी स्वतःला सुकवणारा सक्करदऱ्याचा पैलवान, किंवा जिममध्ये कितीही घाम गाळला तरी आरशात स्वतःला किडकिडीतच पाहणारा मुलगा यांच्या आजाराला घर 'मेहनत' म्हणते. हा आजार फक्त श्रीमंतांच्या मुलींना होतो, हा समजही सोडून द्यावा. मानेवाड्याच्या दोन खोल्यांच्या घरात, नीट परीक्षेच्या शिकवणीचे हप्ते भरता भरता मेटाकुटीला आलेल्या आईबापांच्या पोटीही ही मुले असतात. मूळची लठ्ठ असलेली मुलगी धोकादायक रीतीने उपाशी राहू लागते तेव्हा तर शाळा, घर आणि कधीकधी डॉक्टरही तिची पाठ थोपटतात. तिच्यावर लिहिलेले पुस्तक कोणीतरी आणावेच.

तिसरी पायरी: काय लिहायचे नाही ते आधी ठरवावे

ही यादी टेबलासमोर भिंतीला लावून ठेवावी. वजनाचा आकडा लिहू नये, ना सुरुवातीचा, ना सर्वांत खालचा. कॅलरी, कमरेचे माप, कपड्याचा साइज, दिवसभरात खाल्लेल्या पदार्थांची मोजदाद यांतले काही येऊ देऊ नये. अन्न कसे टाळले, कुठे दडवले, शरीराबाहेर कसे काढले, डॉक्टरांच्या वजनकाट्याला कसे फसवले, याची कृती कोठेही वर्णन करू नये, आणि हाडांच्या उभारांची कवितेसारखी वर्णने तर मुळीच करू नयेत. ब्रिटनमध्ये या रुग्णांसाठी काम करणारी 'बीट' ही संस्था माध्यमांना हीच पथ्ये सांगते. कारण उघड आहे: निरोगी वाचकाला जो आकडा धक्का देतो, तो आजारी वाचकाला पैज वाटतो.

नवोदितांचा यावरचा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, की असे केल्याने लेखन गुळमुळीत होते, वास्तव झाकले जाते. मला हे पटत नाही. कृती वगळली तरी परिणाम पूर्ण ताकदीने लिहिता येतो. स्नानगृहाच्या दाराआड काय घडले हे न सांगता, दाराबाहेर नळाचा आवाज ऐकत उभ्या असलेल्या आईचा चेहरा लिहिता येतो. दातांच्या डॉक्टरांनी दातांवरचे आवरण झिजलेले पाहून हळूच विचारलेला प्रश्न लिहिता येतो. प्रार्थनेच्या रांगेत कोसळलेल्या मुलाच्या रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचे कळल्यावर, हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राकडे बघत बसलेल्या बापाची रात्र लिहिता येते. यात कोठेही वास्तव झाकलेले नाही, आणि कोणाच्या हाती नवी युक्तीही पडलेली नाही.

चौथी पायरी: गोष्ट कोणाच्या तोंडून सांगायची

प्रथमपुरुषी निवेदन, म्हणजे आजारी मुलीनेच 'मी' म्हणून सांगणे, सर्वांना आधी सुचते. ते अशक्य नाही, पण पहिल्या कादंबरीसाठी फार अवघड आहे. आजाराचा आवाज आर्जवी, हुशार आणि स्वतःच्या तर्काने अचूक असतो. तो अडीचशे पाने अखंड ऐकला की वाचकालाच नव्हे, लेखकालाही तो खरा वाटू लागतो. 'मी'च वापरायचा असेल तर ती बरी झाल्यानंतर, दोन-तीन वर्षांच्या अंतरावरून सांगते आहे असे ठेवावे, म्हणजे तेव्हाचे वाटणे आणि आताचे समजणे यांच्यात जागा राहते. त्याहून सोपा आणि पुष्कळदा अधिक परिणामकारक मार्ग म्हणजे घरातल्या दुसऱ्या मुलाला निवेदक करणे. बारा वर्षांच्या भावाच्या तोंडून महालक्ष्म्यांच्या दिवशीचा एक प्रसंग असा लिहिता येईल:

'पंगत बसली. ताई कालपासून ओट्यापाशी उभी होती. सोळा भाज्या तिनेच निवडल्या, तिनेच चिरल्या, पुरणही तिनेच वाटले. आता ती आंबिलीचे भांडे घेऊन वाढत फिरत होती आणि प्रत्येकाला चव विचारत होती. मोठी आई म्हणाली, "भल्ली गुणाची आहे वो पोरगी, सकाळपासून पाय टेकले नाही तिनं." आई हसली. ताईने माझ्या पानात पोळी वाढली तेव्हा तिची बोटे माझ्या मनगटाला लागली. आम्हा सगळ्यांच्या अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या आणि तिची बोटे माठातल्या पाण्यासारखी गार होती. मी म्हणालो, "ताई, तू बस ना माझ्याजवळ." ती म्हणाली, "तुमचं होऊ दे, मग बसते." मग शेवटची पंगत उठली, पाने गोळा झाली, बायका भांड्यांना लागल्या आणि ताई बसली की नाही हे कोणी विचारले नाही.'

या प्रसंगात आजाराचे नाव नाही, आकडा नाही, युक्ती नाही. दुसऱ्यांसाठी हौसेने रांधणे, गारठलेली बोटे, घराने केलेले कौतुक आणि एका मुलाच्या मनात उमटलेला पण शब्द न सापडलेला संशय, एवढ्यावरच तो उभा आहे. संवादांत 'भल्ली', 'वो', 'काहून' ही नागपुरी बोली येऊ द्यावी. फक्त ती हसे पिकवण्यासाठी घरातल्या मोलकरणीच्या किंवा गावाकडच्या आजीच्याच तोंडी न घालता सगळ्यांच्याच बोलण्यात सहज असावी.

पाचवी पायरी: उपचार खरे दाखवावेत

सर्वाधिक चुका येथे होतात. हस्तलिखितांतली आवडती कल्पना अशी, की आजी रडत रडत गोळाभाताचा घास भरवते, मुलीच्या डोळ्यांत पाणी येते, ती ताट संपवते आणि संकट टळते. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट जेवू घातले तर रक्तातील फॉस्फेट आणि इतर क्षार झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून गंभीर कृश झालेल्या मुलाचे अन्न डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवतात. तुमचा हृदयस्पर्शी प्रसंग एखाद्या घरात कोणी खरोखर करून पाहील, हे लक्षात ठेवावे.

प्रत्यक्षात मनोविकारतज्ज्ञ, फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून हे काम करतात. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या शासकीय रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, त्यामुळे तुमच्या पात्रांकडे पैसे नसले तरी त्यांना जायला दार आहे. मानसिक उपचार म्हणजे मनोरुग्णालयाच्या उंच भिंती, हे जुने चित्र मात्र पुन्हा रंगवू नये. बहुतेक मुलांचे उपचार घरी राहून, ओपीडीत येऊन-जाऊनच होतात.

कुमारवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियासाठी जी उपचारपद्धती सर्वाधिक अभ्यासली गेली आहे, ती कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात ती आकाराला आली; बुलिमियाचे पहिले वर्णन १९७९ मध्ये करणारे जेरल्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तिच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यात आईवडिलांना दोषी धरत नाहीत. उलट सुरुवातीच्या टप्प्यात मुलाने काय आणि किती खायचे हा निर्णय त्यांच्याच हाती देतात, ते प्रत्येक जेवणाला मुलासोबत बसतात, आणि वजन सावरू लागले की हा अधिकार थोडा थोडा करून मुलाकडे परत जातो. कादंबरीकारासाठी यात किती सामग्री आहे पाहा. इतवारीतले दुकान दुपारी बंद ठेवून रोज घरी जेवायला येणारे वडील. भांडण, आदळआपट, थंड झालेली पोळी आणि तरीही न उठणारी आई. आजवर मुलीशी केवळ गुणांच्या टक्केवारीबद्दल बोललेला बाप त्या तासाभरात तिच्याशी दुसरे काय बोलायचे ते शिकतो. आजार आणि मूल वेगळे आहेत, राग आजारावर आहे, हे कुटुंबाला समजायला लागणारा वेळ हाच कादंबरीचा उत्तरार्ध होऊ शकतो.

सहावी पायरी: शेवट

मुलीचा मृत्यू घडवून वाचकाला रडवू नये आणि एखाद्या मुलाच्या प्रेमाने तिला बरेही करू नये. ॲनोरेक्सिया हा मनोविकारांमधील सर्वाधिक प्राणघातक आजारांपैकी एक आहे, हे कथेत कोठेतरी जाणवू द्यावे. पण पुष्कळ मुले बरी होतात, आणि त्याला बहुधा महिने नव्हे, वर्षे लागतात. आधी शरीर सावरते, मन मागून येते, मधे घसरण होते. बारावीच्या परीक्षेच्या काळात विकाराने पुन्हा डोके वर काढले आणि या वेळी मुलीने स्वतःच आईला सांगितले, इतका शेवट पुरेसा असतो.

सातवी पायरी: हस्तलिखित तपासून घेणे आणि छापणे

पूर्ण झालेले हस्तलिखित एका मनोविकारतज्ज्ञाला आणि या आजारातून बाहेर येऊन बराच काळ लोटलेल्या एखाद्या प्रौढ व्यक्तीला वाचायला द्यावे. अजून आजारी असलेल्या मुलाला ते कधीही देऊ नये. माहिती मिळवण्यासाठी ओपीडीच्या बाकावर बसून रुग्णांचे निरीक्षण करणे, ओळखीच्या डॉक्टरांकडून केस ऐकणे हे टाळावे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा त्याला हक्क आहे. कोणी स्वतःहून अनुभव सांगितलाच तर लेखी संमती घ्यावी, अल्पवयीन असल्यास पालकांचीही, आणि शाळा, वस्ती, कुटुंबाची रचना इतकी बदलावी की शेजाऱ्यालाही ओळख पटणार नाही.

प्रकाशकाशी करार करतानाच मुखपृष्ठाबद्दल बोलून घ्यावे. मापाची टेप, वजनकाटा, रिकामे ताट, कृश मुलीची आकृती यांपैकी काहीही नको, हे लेखी सांगावे. आरंभी दोन ओळींत विषयाची पूर्वसूचना द्यावी आणि शेवटच्या पानावर मदतीचे क्रमांक ठळक छापावेत: केंद्र शासनाची ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली, मराठीतही बोलता येणारी, २४ तासांची विनाशुल्क टेलिमानस सेवा १४४१६, आणि मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८.

पुस्तक शाळांत वाचायला गेलात की कार्यक्रम संपल्यावर एखादे मूल मागे रेंगाळेल. ते 'माझ्या मैत्रिणीला असं होतं' म्हणून सुरुवात करील. त्याच्या शरीराबद्दल एकही शब्द न काढता, बारीक किंवा बरी दिसतेस असेही न म्हणता, ते ऐकून घ्यावे, गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये, आणि शाळेतल्या समुपदेशकांना किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सोबत घेऊन आजच घरी कोणाला सांगता येईल, हे त्याच्याबरोबर बसून ठरवावे. चक्कर येणे, छातीत धडधडणे किंवा जगणे नकोसे झाल्याचा उल्लेख आला, तर त्या मुलाला एकटे घरी जाऊ देऊ नये. शाळेकडून पालकांना लगेच बोलावून घ्यावे आणि त्याच दिवशी त्याला रुग्णालयात दाखवले जाईल, याची खात्री करावी.